कण्हणारी पेटी

मालनबाईंनी कुंपणावर वाळत घातलेलं दुपटं बाजूला सारलं आणि त्या फटीतून तोंड पुढं काढलं.

"जया, तुझी सासू दुपारची कुनाशी बोलती गं?"

जया धुण्याचे पिळे झटकत होती. "रेडिओशी बोलत असतील, काकी."

"हसू नको. मी दोनदा ऐकलं. आदी वाटलं, नातवाला निजवती. पन तो तर सदा तुज्याच काखेत. लक्ष ठेव जरा तिच्याकडं."

"ठेवते हो," जया म्हणाली आणि पुढचा पिळा उलगडला. काकींना भिंतीपलीकडचं नेहमीच जास्त ऐकू येतं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. तिच्या डोक्यात आदल्या दिवशी पुन्हा बंद पडलेली पेटी होती.

पेटीला कॉम्प्युटर एकटा तिचा नवरा श्रीपतच म्हणे. त्याचे सुटे भाग त्यानं मुंबईहून एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते, आणि वरचं पत्र्याचं खोकं खोपोलीत धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्याकडून वाकवून घेतलं होतं. साजगावात तोवर असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. श्रीपतनं टीव्हीला टाइपरायटर जोडलाय, असं पोरं म्हणायची. रसायनीचा एक मजूर-कंत्राटदार मात्र ते पाहून गेला होता आणि माणसांच्या हजेरीचा, पगाराचा हिशेब द्यायला तयार होता. ते काम मिळालं की श्रीपतची कारखान्यातली पाळी सुटणार होती. दोन वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी मैना गेली, त्या दुपारी तो पाळीवर होता. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्यानं पहिला भाग पिशवीतून घरी आणला, एवढंच.

पण पेटी दगा देत होती. साधं लिहिण्याचं काम दिवसभर चालायचं. हजेरीचा मोठा हिशेब लावला की आतली चकती कण्हल्यासारखा आवाज करू लागे आणि तासाभरात पडदा काळा. जया पत्र्याला हात लावून पाही, तर चटका बसे. फार तापलं की आपलं आपण बंद व्हायचं, अशी सोय आतच होती. श्रीपतनं पत्र्याला भोकं पाडली, पेटी विटांवर चढवली, पंखा बदलला, मग शेजारी दुसरा बसवला.

"मार्गशीर्षात कोण तापतं गं?" तो वैतागून म्हणे. "माणसं शेकोटीला बसलीत!"

आणि खरी गोम पुढंच होती. तो स्वतः समोर बसला की पेटी शहाण्यासारखी चालायची. तो दुपारच्या पाळीला गेला आणि जयानं हिशेब सुरू करून दिला, की बंद. जया पनवेलला पदार्थविज्ञान शिकलेली, पण व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, यापलीकडं तिलाही काही सुचेना.

बुधवारी डबा उचलताना तो म्हणाला, "आज शेवटचं लावून बघ. लोकांच्या पगाराचं काम आहे. माझी पाठ फिरली की बंद पडणाऱ्या पेटीच्या भरवशावर मी ते घेणार नाही. नाही चालली, तर जशी आणली तशी पिशवीत भरतो."

तो गेल्यावर जयानं हिशेब लावला. पडद्यावर आकडे धावू लागले. मग नेहमीसारखी ती सखाला घेऊन मागच्या पडवीत गेली. सखा आठ महिन्यांचा. त्याला झोळीत टाकलं, तरी तिचा एक हात झोळीच्या दोरीवर आणि दुसरा त्याच्या कपाळावर असे. गार आहे ना, पुन्हा गार आहे ना. त्या दिवशी तो लवकर झोपला. पेटी किती पुढं गेली ते पाहावं म्हणून ती उठली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून थोपटल्याचा आवाज येत होता.

पेटीवर गोधडी घातलेली होती. चारही बाजूंनी नीट खोचलेली. तिची सासू ठकूबाई शेजारी बसकण मारून पेटीच्या पाठीवर संथपणे थोपटत होती. आत चकती कण्हत होती.

"निज गं बाय. निज. आत्ता येल तुजी आय."

जयानं चौकट धरली. थोड्या वेळानं आत कट्‌ झालं, पंखे फिरत फिरत थांबले, कण्हणं मिटलं.

"निजली," ठकूबाई समाधानानं म्हणाली. वळली, तर दारात सून. ती धडपडत उठली आणि गोधडी ओढू लागली. "कवाची कन्हत होती गं. म्हनलं, थंडी वाजत आसंल."

जया पुढं झाली. पत्रा भाजत होता. तिनं हात तसाच ठेवला.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मैनाला ताप होता आणि जया औषध आणायला खोपोलीला गेली होती. घाम आला की ताप उतरतो, म्हणून ठकूबाईनं पोरीला गोधडीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं, थोपटलं. जया परतली तेव्हा ठकूबाई बसल्या जागेवरूनच ओठांवर बोट ठेवून म्हणाली होती, "हळू. निजली एकदाची." नंतर डॉक्टरांनी जयाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ताप चढलेल्या मुलाला गुंडाळायचं नसतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. भांडलीही नाही. फक्त सखा झाल्यापासून त्याला सासूच्या हातात कधी दिलं नाही. आत्ताच झोपलाय, दूध प्यायचाय, अंगाला तेल लागलंय, असं काहीतरी निघायचंच. ठकूबाईनं पण कधी हात पुढं केला नव्हता.

"आत्या," जया म्हणाली.

ठकूबाई गोधडीची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा जुळवून, हातानं सारखी करत.

"ही बरी हाय," ती म्हणाली. "बटन दाबलं का परत उठती."

संध्याकाळी श्रीपतनं चपला काढायच्या आधी विचारलं, "चालली?"

"नाही," जया म्हणाली. मग ताट वाढता वाढता, वर न बघता, "माझंच चुकलं. धूळ जाऊ नये म्हणून मी वरून कापड घालत होते. रोजच. तुम्ही यायच्या आत काढून ठेवायचे."

तो बघतच राहिला. "कापड? भोकांवर?"

"जाडसर होतं."

"अगं, मी दोन पंखे बसवले! विटा लावल्या! आणि आमच्या पदार्थविज्ञानवाल्या बाई पेटीला शाल पांघरत होत्या!" तो हसत सुटला. मैना गेल्यानंतर त्या घरात एवढ्या मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं. "आई, ऐकलंस का? तुझ्या सुनेला सत्कार करायची लई हौस!"

चुलीपाशी बसलेली ठकूबाई हसली नाही. ती जयाकडं बघत राहिली, आणि मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी तो पाळीला गेल्यावर जयानं पुन्हा हिशेब लावला. आकडे धावू लागले. चकती कण्हायला लागली तशी ठकूबाई ओटीवरून उठली, दाराशी आली, चौकटीला टेकली. आत आली नाही. तिची बोटं लुगड्याचा काठ चोळत होती.

जया सखाला घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"आत्या, याला घ्या जरा."

"मी? नगं बाय."

"माझ्याकडं झोपत नाहीये."

"माज्या हातात नगं गं." म्हातारी मागं सरली. "तुला ठावं हाय."

ते एवढंच. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी ते तोंडातून काढलं होतं. पण जयानं पोर पुढं धरलं ते धरलंच. सखानंच आजीच्या गळ्यातली पोत पकडली, तेव्हा ठकूबाईला हात पुढं करावे लागले.

जया पेटीपाशी जाऊन बसली. डोळे पडद्यावर, कान ओटीवर. थोपटणं ऐकू येत होतं, मग थांबलं. ती उठून दारापर्यंत गेली. ठकूबाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या अंगावर साधं फडकंसुद्धा नव्हतं. ती त्याच्या नाकापुढं उलटा हात धरून होती, आणि हाताला श्वास जाणवला की हात काढून पुन्हा धरत होती.

हिशेब शेवटच्या माणसापर्यंत पोचला, तेव्हा अंगणातलं ऊन उतरलं होतं. कंत्राटदाराला होकार गेला.

पेटी आता घरात नाही. काम वाढलं तसा श्रीपतनं खोपोलीत गाळा घेतला. पेटी तिकडे गेली, पाठोपाठ जयाही तिथं बसू लागली. सखा चालायला लागला, मग त्याच गल्लीतल्या बालवाडीत जाऊ लागला. घरात दिवसभर कसलाच आवाज नसतो. सकाळी झाकून ठेवलेली भाकरी संध्याकाळी कधी कधी तशीच सापडते. विचारलं तर ठकूबाई म्हणते, "भूक नव्हती."

म्हणून जया एसटीत, बाजारात, गाळ्यावर, जो भेटेल त्याला एक सांगत असते. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. साजगावाकडं दुपारचं जाणं झालं, तर आमच्या दारावर थाप मारा. दार नुसतं लोटलेलं असतं. आत्या भिंतीकडं तोंड करून पडल्या असतील. झोपल्यात असं वाटलं तरी परत फिरू नका. हाक मारा आणि प्यायला पाणी मागा. पाणी मागितलं की त्या उठतात.