रस्त्याकडचा पडदा

अहो, जरा वर बघा! सिग्नलसमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर लटकतोय ना, तोच मी पडदा बोलतोय. आता करडा दिसतो, पण शिवला गेलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो बरं का!

या घरची सूनबाई शिवणकाम करते. तिनेच एका कापडातून आम्हा जुळ्या भावांना बेतलं. भाऊ मागच्या अंगणाकडच्या खिडकीला लागला आणि मी रस्त्याकडच्या. समोरची खोली मोठी, दिवसभर वर्दळ बघायला मिळायची. काय तो तोरा माझा!

घरात आजी, सूनबाई, तिची लेक चिमणी आणि चिमणीचे बाबा. बाबांचं केस कापायचं दुकान. गिऱ्हाइकांच्या गमती सांगून ते घर डोक्यावर घ्यायचे. पण चिमणीला दमा जडला आणि सगळंच बदललं. ती खळखळून हसली की खोकल्याची उबळ यायची, श्वास लागायचा. बाबा ओठांवर आलेली गंमत गिळून टाकू लागले. मला फार वाईट वाटायचं.

"पोरीला मोकळी हवा हवी," आजी म्हणाली. म्हणून चिमणीचा पलंग माझ्याजवळ आला. रोज सकाळी, खाली गाड्या धूर ओकत खोळंबलेल्या असतानाच, आजी मायेने खिडकी सताड उघडायची. मी जमेल तेवढी काजळी अंगावर घेतली. पण पातळ कापड ते, पुरं पडणार कसं?

सूनबाई आम्हाला नेहमी आळीपाळीने धुवायची. एकदा पाहुणे येणार म्हणून तिने दोघांनाही काढलं आणि दोन बादल्यांत भिजवलं. भावाचं पाणी जरासं गढूळ झालं. माझं मात्र काळंकुट्ट!

"आई, इकडे या जरा. दोन्ही एकाच दिवशी लावले होते ना हो?"

आजीने माझ्या बादलीत हात घातला आणि काळी झालेली बोटं पाहिली. "अगं बाई! म्हणजे मीच पोरीच्या छातीत हे भरत होते?"

"तुम्हाला काय ठाऊक? मला तरी कुठे कळलं?"

त्याच दिवशी पलंग मागच्या खोलीत गेला. गर्दीच्या वेळी माझी खिडकी बंद राहू लागली. शाळेला जाताना बाबा चिमणीला मुख्य रस्ता टाळून मागच्या गल्लीतून नेऊ लागले. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप चालूच होता. हळूहळू खोकला उतरला.

परवा बाबांना राहवलं नाही. "एक टकलू गिऱ्हाईक म्हणालं, मधून भांग पाडा. मी म्हटलं, साहेब, तो आधीच पडलाय, या कानापासून त्या कानापर्यंत!"

चिमणी पोट धरून हसली. सगळ्यांचे जीव टांगणीला लागले. उबळ काही आली नाही.

"अजून एक सांगा ना, बाबा!"

आजी पदराने डोळे पुसत बसली.

मी करडा झालो, त्याचं मला काही नाही. तुमच्याकडे एवढंच मागतो. सिग्नलला थांबलात की गाडी बंद करा. मग कदाचित चिमणीचं हसणं तुम्हालाही ऐकू येईल.