साहेबांच्या टाकीतला झिंगा

भाऊजी आमच्याकडे राहायला आले ते दोन बॅगा आणि एक समुद्र घेऊन. समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. ती कशीबशी जिना चढवून माझ्या शिलाई मशीनसमोरच्या भिंतीला लावली. "वहिनी, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे," असं ते म्हणाले होते. त्या थोड्या दिवसांना आता वर्ष होत आलंय.

टाकीत मासा एकच. हेकरू जातीचा, लालभडक अंगावर निळे ठिपके, आणि तोंड असं की उघडलं की आत सामान ठेवता येईल. दिवसभर कपारीत बसायचं, जेवायला बाहेर यायचं आणि वाटेत कोणी आलं तर त्यालाही जेवायचं. आमचे हे त्याला साहेब म्हणतात. भाऊजींनी सोबतीला म्हणून सोडलेले पिवळे मासे साहेबांनी एकेक करून संपवले. भाऊजींनी आपल्या मुलीला सांगितलं, "दुकानात परत दिले."

भाऊजींचा संसार कुठल्या मोठ्या भानगडीने मोडला नाही. असल्या थापांनीच मोडला. वाईट वाटायला नको म्हणून मारलेल्या, रोजच्या, किरकोळ. मुलगी आईकडे असते आणि रविवारी दुपारपुरती इथे येते. आहे नऊ वर्षांची, पण बोलणं असं की आम्ही तिला आजीबाईच म्हणतो. रात्रीची मात्र कधी राहिली नाही.

त्या रविवारी आजीबाई पाण्याने फुगलेली पिशवी दोन्ही हातांत धरून आल्या. आत एक झिंगा होता, पाठीवर खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ आणि मिशा अंगापेक्षा लांब.

"काकू, हा सफाईवाला झिंगा. माशांच्या अंगावरचे किडे खातो. तोंडात शिरून दातसुद्धा साफ करतो. साहेब दगडाला अंग घासतात ना, म्हणून आणलाय."

"अगं, साहेब त्याचा नाश्ता करतील."

"मोठे मासे याला खात नाहीत. बहुतेक." बहुतेक म्हणताना मान खाली गेली. मग ती बापाकडे वळली. "बाबा, हा पुढच्या रविवारपर्यंत जगला तर मी इथे रात्री राहीन. आणि मेला तर मेला म्हणून सांगायचं. दुकानात परत गेला म्हणून नाही."

भाऊजींचे कान लाल झाले. "सांगेन," ते म्हणाले.

भाऊजी सकाळीच क्रेनवर कामाला जाणार, म्हणजे पहारा माझ्याकडे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे टाकीतलं पाणी बारीक नळीने थेंबथेंब झिंग्याच्या पिशवीत सोडलं, एकदम नव्या पाण्यात टाकलं तर तो मरतो म्हणे. मग तो भाजी धुवायच्या जाळीच्या टोपलीत घातला आणि टोपली टाकीत तरंगत बांधली, साहेबांना ओळख व्हावी म्हणून. साहेबांनी ओळख करून घेतली ती अशी की टोपली गदागदा हलली. मी एक टीप घालायची, उठून बघायचं, परत बसायचं. त्यात एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड झाला. "बाई, मी काय लंगडतो?" तो म्हणाला. मी म्हटलं, "उसवून देते हो, घरात आजारी माणूस आहे." कोण आजारी ते त्याने विचारलं नाही, नशीब माझं.

हळूहळू टोपलीला धडका बसायच्या थांबल्या. मग एका संध्याकाळी साहेबांना मानेपर्यंत जेवू घालून भाऊजींनी टोपली कलती केली. झिंगा खडकावर उतरला आणि मिशा हलवू लागला. साहेब आले. जवळ, अगदी जवळ. तोंड उघडलं. झिंगा गालावर चढला आणि सरळ आत गेला, पडक्या घरात झाडू घेऊन शिरावं तसा.

भाऊजींनी माझा दंड धरला. साहेब ढिम्म. कल्ले तेवढे हलत होते. थोड्या वेळाने झिंगा ओठावर आला आणि खाली उतरला.

"वहिनी, जमलं!"

"हो," मी म्हटलं. पण आज खाल्लं नाही म्हणजे उद्या खाणार नाही असं थोडंच आहे? रोज सकाळी पदराला हात पुसत मी आधी टाकीपाशी.

शनिवारी दुपारी बटणं घेऊन परत आले तर भाऊजी हातात जाळं घेऊन उभे. जाळ्यात झिंग्याचं पारदर्शक कवच, मिशांसकट. आत काही नाही.

"चाटून पुसून खाल्लं हो यानं," ते म्हणाले. आम्ही दगडामागे डोकावलो, काठी फिरवली. झिंगा नव्हता.

भाऊजी चपला घालून निघाले आणि तासाभरात तशीच फुगलेली पिशवी घेऊन आले. तीच रेघ, त्याच मिशा.

"भाऊजी, तिने काय सांगितलं होतं?"

"आठवतंय. पण एकदा राहू द्या हो तिला. मग सांगतो."

मी टोपली आणून दिली.

रविवारी आजीबाई पाठीला बॅग लावूनच आल्या. रात्रीच टोपलीतून सोडलेला झिंगा खडकावर ऐटीत बसलेला. "जगला!" म्हणून तिने बापाच्या कमरेला मिठी मारली. भाऊजी खांबासारखे उभे. ती खाणं टाकायला लागली, आणि वासाने कपारीतून, साहेबांच्या शेपटीखालून, आणखी एक झिंगा बाहेर आला. नवाकोरा, चकाकता.

"बाबा, दोन?"

माझी जीभ आधी चालली. "जोडीला आणला असेल गं बाबाने. एकट्याला करमत नसेल."

तिचा चेहरा उजळला. भाऊजींनी नुसती मान हलवायची होती. काम झालं असतं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "काल कवच सापडलं. मला वाटलं साहेबाने खाल्ला. तुला कळू नये म्हणून दुसरा आणला."

तिने खाण्याचा डबा खाली ठेवला.

"झिंगे कात टाकतात, बाबा. मग अंग मऊ असतं म्हणून लपून बसतात."

"मला माहीत नव्हतं."

"मला फोन करायचा ना."

"तू राहिली नसतीस."

तिने बॅग उचलली, दारापर्यंत गेली. भाऊजी जागचे हलले नाहीत. मी मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी, उगाच. दाराशी तिने चपला सरळ लावल्या, परत आली आणि बॅग माझ्या मशीनखाली सरकवली.

"मी राहणार आहे," ती म्हणाली. "पण रागावून राहणार आहे."

"चालेल," भाऊजी म्हणाले.

"आणि माझ्याशी बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"काकू, बाबाला सांग, साहेब उपाशी आहेत."