सिंत्राच्या बागेतला राखणदार

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. माझ्या वडिलांच्या पोर्तुगालच्या व्हिसाच्या अर्जावर "प्रवासाचं कारण पटण्यासारखं नाही" असं लिहून तुम्ही तो काचेखालून परत सरकवलात. कारण तुम्हाला पुरतं पटलं होतं. पटलं म्हणून तर शेजारच्या टेबलावरच्या बाईला बोलावून तुम्ही ते सांगितलंत आणि दोघं हसलात. मी तिथेच उभी होते.

माझं नाव सरला. टेक्सासात अर्विंगला राहते, शाळेच्या कॅफेटेरियात पोरांचं जेवण रांधते. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला सॉरी आणि थँक यू एवढंच नीट म्हणता येतं आणि इथे दोन्हीची गरज नाही. कुणाकडून तरी वाचून घ्या.

आधी माझे वडील. नाव एकनाथ, आम्ही अण्णा म्हणतो. जन्मभर एसटी चालवली, अलिबाग ते रेवदंडा. आई गेल्यावर थोडे महिने माझ्याकडे राहायला आले. आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीला लागून. वेशीवर एक दगडी जोतं आहे. त्याच्या मधोमध चौकोनी खळगा होता आणि खळग्यात काही नव्हतं. पूर्वी तिथे गावचा राखणदार उभा होता, फिरंग्यांनी तो गलबतात घालून नेला, असं आम्ही आजापणजापासून ऐकत आलो. देव नेला तरी गावाने नारळ थांबवला नाही. दरवर्षी त्या रिकाम्या जागेपुढे नारळ फुटतो. लग्नाआधी नवरदेव तिथे जातो, बाळंतीण बाळ घेऊन जाते. गावातल्या प्रत्येक पोराने त्या खळग्यात कोपरापर्यंत हात घातलेला. पोरींना मनाई. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं तेव्हा मार खाल्ला. चार वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने रस्ता रुंद केला आणि खळगा सिमेंटने बुजवला. आता नारळ सिमेंटपुढे फुटतो. अण्णा म्हणतात, तळाशी डाव्या अंगाला एक खाच होती, ती बोटांना अजून आठवते.

रविवारी आमच्याकडे जेवायला श्रीरंग येतो. पुण्याचा पोरगा, इथे सिव्हिलमध्ये पीएच.डी. करतोय, पण नाद जुन्या कोरीव लेखांचा. एका रविवारी तो वरणभात कालवता कालवता म्हणाला, "काका, लायब्ररीत एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात चार ओळी आहेत. तुमच्या गावाचं नाव असलेला एक दगड पोर्तुगालमध्ये आहे. सिंत्रा म्हणून डोंगरावरचं गाव, तिथल्या एका बागेत. तुमचाच असेल असं मी छातीठोक सांगत नाही हां."

"आमचाच," अण्णा म्हणाले. "पळाला तो थंड हवेच्या ठिकाणी. शहाणा आहे."

माझ्या नवऱ्याला, मोहनला, मे महिन्यात ऑफिसच्या कामाने आठवडाभर लिस्बनला जायचं होतं. ठरलं, तिघांनी जायचं. मोहनने आणि मी अर्जात "सहल" असं लिहिलं. आम्हाला व्हिसा मिळाला. अण्णांनी खरं सांगितलं: आमच्या गावचा दगड बघायचा आहे. तुम्ही विचारलंत, दगड बघायला एवढं लांब? त्यावर अण्णा म्हणाले होते, "तुमचे लोक गोव्याला चर्च बघायला येतात ना, तसंच." मोहनने ते भाषांतर करून सांगितलं नाही. मी आज सांगते.

तुमच्या कचेरीतून परत येताना गाडीत अण्णा एवढंच म्हणाले, "तुम्ही जा. तो उभा आहे की आडवा, तेवढं बघून ये."

आता पुढचं तुमच्या बाजूचं आहे, तेव्हा नीट ऐका. मी रागाने गेले होते. दिसेल त्याला नावं ठेवायची असं ठरवून गेले होते. जमलं नाही.

लिस्बनला ऊन होतं. सिंत्राला आगगाडीतून उतरलो तर डोंगराने स्वतःचा वेगळा ढग पांघरलेला. ढगातून झाडं खाली उतरत होती, झाडांतून घरं, घरांतून पायऱ्या. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा, त्यांच्यावर पाणी ओघळतंय आणि शेवाळ इतकं मऊ की हात लावायची लाज वाटावी. गावातल्या जुन्या राजवाड्याच्या डोक्यावर दोन पांढरी धुराडी आहेत, उलट्या नरसाळ्यांसारखी, देवळाच्या शिखरांएवढी. आत गेलो तर ते स्वयंपाकघर. छतच निमुळतं होत होत वर गेलेलं आणि टोकाला आकाशाचा एक ठिपका. मी मान वर करून उभी राहिले. चूल मला कळते. धूर कसा डोळ्यांत बसतो, ते कळतं. ते बांधलं असेल राजासाठी, पण डोळे वाचले रांधणाऱ्यांचे. आमच्या कॅफेटेरियाच्या किचनमधला पंखा महिनाभर बंद आहे.

"चल ना यार सरला, टूर पुढे गेली," मोहन म्हणाला.

"जाऊ दे. त्यांना चूल माहीत नाही."

मग वरचा किल्ला. डोंगराच्या कण्यावरून भिंत चढत गेलेली आणि तिच्या खाचांमधून ढग इकडून तिकडे चालले होते, कुणी अडवत नव्हतं. त्याच्याही वर शेंड्यावर दुसरा राजवाडा, घुमट आणि बुरूज, रंग लाल-पिवळा भडक, तरी डोळे हटेनात. पोरांनी पत्त्यांचा बंगला बांधावा आणि कुणीतरी त्याला म्हणावं, बरं, आता तू दगडाचा हो. उतारावर नेच्यांची झाडं, माणसाहून उंच. मला आपलं जंगल माहीत आहे. हे कुणीतरी लावलेलं जंगल होतं, आणि तरीही त्यात शिरताना आवाज आपोआप खाली येत होता.

संध्याकाळी बसने समुद्राच्या टोकाला गेलो. कड्यावर दीपगृह आहे आणि त्यापुढे युरोप संपतो. वारा उभं राहू देत नव्हता. मोहन म्हणाला, "सरळ समोर गेलं की आपलं अमेरिकेतलं घर." मी डावीकडे बघत होते. जहाजं तिकडे वळली असतील. लाकडाची जहाजं घेऊन माणसं या पाण्यात शिरली, पुढे काय आहे ते ठाऊक नसताना, आणि आमच्या खाडीपर्यंत पोचली. मला तिथे राग यायला हवा होता. अंगावर काटा आला. एवढं पाणी कापून यायचं, जीव वाचला तर परत फिरायचं, आणि परत जाताना वेशीवरचा दगड उचलून न्यायचा. ना सोनं, ना चांदी. त्यांनाही तो बघून काहीतरी झालं असणार. नाहीतर एवढं वजन कोण वाहतं?

दुसऱ्या दिवशी श्रीरंगने लिहून दिलेल्या बागेपाशी गेलो. उंच भिंत, लोखंडी फाटक, कुलूप.

"प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे," मोहन म्हणाला. "लीव्ह इट. फोटो काढू बाहेरून."

"भिंतीचा?"

मी घंटा ओढत राहिले. शेवटी एक म्हातारी आली, काळा ॲप्रन, हातात बागेची कात्री. तिचं नाव लुर्दिश. अमेरिकेत न्यू बेडफर्डला कापडाच्या मिलमध्ये वर्षं काढलेली, त्यामुळे तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. मी सांगितलं, आमच्या गावचा दगड आहे तुमच्याकडे. तिने माझ्याकडे, माझ्या साडीवरच्या स्वेटरकडे बघितलं आणि कुलूप काढलं.

कॅमेलियाच्या झाडांखालून ती पुढे, आम्ही मागे. वळण घेतलं आणि तो होता.

उभा होता.

माझ्या खांद्याएवढा. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, मधे ओळीच्या ओळी. मी जवळ गेले. अक्षरं अनोळखी वाटली, मग एक म सापडला, मग एक र. शब्द लागेना, पण म म्हणजे म. इतक्या परक्या झाडांत, इतक्या थंडीत, आपलं एक अक्षर एकटं उभं होतं आणि मला बघत होतं. माझे हात जोडले गेले. बाजूला बघितलं तर प्रायव्हेट प्रॉपर्टी म्हणणाऱ्या मोहनने ओल्या गवतात बूट काढून ठेवले होते.

अक्षरांच्या खाली शेवाळ होतं. लुर्दिशने ॲप्रनने पुसलं. "आमच्या मालकीणबाई म्हणतात, ही तुमच्याकडची वरात आहे. घोडा आणि नवरी. पाहुण्यांना त्या इथेच चहा देतात."

मी वाकून बघितलं. मोहनने बघितलं आणि तो कॅमेलियाकडे बघू लागला.

तो घोडा नव्हता, गाढव होतं. आणि ते लग्न नव्हतं. आमच्याकडे शेताच्या बांधावरून भांडताना बाया अजून ती शिवी देतात. ही जमीन जो बळकावेल त्याच्या आईला काय होवो, ते तिथे चित्रात कोरलेलं होतं, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. आणि आमचं गाव पिढ्यानपिढ्या त्याला हात जोडून नवरदेव दाखवत होतं.

मी लुर्दिशला माझ्या इंग्रजीत सांगितलं, उरलेलं हातांनी. तिने छातीवर क्रूस केला. मग पायरीवर बसून ती एवढी हसली की डोळे पुसावे लागले.

"मालकीणबाईंना हे मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तू सांग."

दगडाचं बूड मातीत गाडलेलं होतं. मी विचारलं, थोडं उकरून बघता येईल? आमच्या खळग्यात एक खाच होती, ती याच्या बुडाला जुळते का बघायचंय.

"मला हात लावता येत नाही. मालकीणबाई सप्टेंबरात येतात. माणूस वाईट नाही. म्हणतात, ज्यांचा आहे त्यांच्यातलं कुणी विचारायला आलं तर उकरू, तुमचाच निघाला तर पुढचंही बोलू. पण तिथून कधी कुणी आलंच नाही."

"मी आलेय की."

"तू टेक्सासहून आलीस. उकरलं तर तुला ओळखता येईल?"

त्या खळग्यात माझा हात कधी गेलाच नव्हता.

अर्विंगला आम्ही बॅगा टेकवायच्या आत अण्णांनी विचारलं, "उभा की आडवा?"

"उभा."

ते खाली बसले. मग मी शिवीचं सांगितलं. बापाला सांगायची गोष्ट नव्हे ती, पण सांगितली. अण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

"म्हणजे गाव शिवीला नारळ देत होतं," ते म्हणाले. "बरोबरच आहे. गोड बोलणारा राखणदार काय कामाचा?" मग थांबून म्हणाले, "आणि खाच?"

"मातीत आहे. मालकीणबाई सप्टेंबरात येतील. आपल्यातलं ओळखणारं कुणी आलं तरच उकरणार."

त्यांनी उजवा हात समोर धरला, बोटं जरा वाकवली, काहीतरी चाचपावं तशी. "मग मला जायला हवं, सरले. गावात सिमेंट झालंय. माझ्या वयाचे दोघे उरले होते, ते गेले. दुसऱ्या कुणाच्या हाताला हे कळायचं नाही."

मोहन म्हणतो, या वेळी अण्णांच्या अर्जातही "सहल" लिहू, लगेच होईल. खरंय, होईल. अण्णा ऐकत नाहीत. म्हणतात, आपल्याच देवाला भेटायला थाप मारून कशाला जाऊ? म्हणून नवा अर्ज सोबत जोडलाय आणि त्यात कारण तेच आहे, शब्दही तेच. ऑक्टोबरात अण्णा भारतात परत जातील. पुन्हा एवढा प्रवास त्यांच्याच्याने व्हायचा नाही.

तुमचं गाव मी डोळे भरून बघितलं आणि ते सुंदर आहे, हे कुणालाही सांगेन. पण तिथल्या बागेत एक बाई म्हणते, तिथून कधी कुणी आलंच नाही, आणि ते खोटं आहे, निघालेल्याला तुमच्या काचेपाशी अडवलं, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. तेव्हा लेखी कळवा: सप्टेंबरात माझ्या वडिलांना त्या फाटकापर्यंत जाऊ देणार की नाही? आणि नाही, तर दगडाला तिथे राहता येतं आणि त्याला ओळखणाऱ्या माणसाला जाता येत नाही, ते कोणत्या कायद्याने?