कानसेनची टाळी

कारखान्यात मला सगळे कानसेन म्हणतात. मोठ्या पंख्यांची बेअरिंगं मी कानानं तपासतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग बिघडायला लागलं की आधी बारीक किणकिणतं, मग फुटतं आणि पंख्याची पाती सुटून उडतात. एकतीस वर्षांत माझा कान एकदाही चुकला नाही, आणि हे मीच सगळ्यांना ऐकवत आलोय.

म्हणून साहेबांनी मला परदेशात पाठवलं. तिथे आमचा नवा पंखा बसवला होता. तो तपासून सही द्यायची, एवढंच काम. पंख्याला लागूनच पॅकिंगच्या टेबलाशी सहा बाया उभ्या असत. दुपारी मी कान लावला, डोळे मिटले. सगळं शांत. "लोण्यासारखा फिरतोय," म्हणालो आणि सही ठोकली.

संध्याकाळी तिथला फोरमन, माझ्याच वयाचा गडी, मला ओढूनच बाहेर घेऊन गेला. दोघांच्याही मोडक्यातोडक्या भाषेत आमचं बरं चाललं होतं. "काम झालं, आता आमचं गाव बघा," म्हणाला. रस्ते दिव्यांनी उजळलेले, बायामाणसं नटूनथटून फिरत होती. एका तळघरात गाणं-बजावणं चालायचं, तिथे आम्ही शिरलो. त्याची बहीण तिथे व्हायोलिन वाजवायची.

सुरुवात ठसक्यात झाली. माझा पाय आपोआप ठेका धरू लागला. मग तिनं लय उतरवली. लोकांनी हातातले ग्लास खाली ठेवले. मी सवयीनं डोळे मिटले. सूर चढत चढत पार वर गेला आणि संपला. मी दणदणीत टाळ्या वाजवल्या, वर "वाहवा!" म्हणून ओरडलो.

डोळे उघडले तर तिचा हात अजून चालूच होता. अख्खं तळघर माझ्याकडे बघत होतं. फोरमनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते ज्या सुरामुळे आलं तो मला ऐकूच येत नव्हता.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज क्षणभरच टिकली, मग तो पंखा आठवला. दुपारी पंखा शांत होता, की मीच बहिरा? बायको दोन वर्षं ओरडतेय, "अहो, शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊन डाळ करपली! कान काय कारखान्यात विसरून आलात?" आणि मी तिच्यावरच डाफरायचो, की तू पुटपुटतेस.

मी फोरमनचा दंड धरला. "सकाळी बायांना तिथे उभं करू नका. पंख्याला आधी तुम्ही कान लावा."

"का? सही झालीय ना?"

"माझ्या सहीवर जाऊ नका. माझ्या कानाचा भरवसा राहिला नाही."

सकाळी त्यानं मूठ कानाला लावली आणि त्याचा चेहरा उतरला. किणकिणत होतं. आम्ही बेअरिंग उघडलं. आतल्या कडीला केसाएवढी चीर गेली होती. तो लांब थांबवलेल्या त्या सहा जणींकडे बघत राहिला. मला तर तिकडे बघवेना.

नवं बेअरिंग मी बसवलं, कान त्यानं लावला आणि सहीही मी त्यालाच करायला लावली.

खोलीवर येऊन बायकोला फोन लावला. तिनं विचारलेलं काहीतरी अर्धवटच कानात शिरलं.

"अगं, मोठ्यानं बोल," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही."

पलीकडे ती गप्प झाली, की हळू आवाजात काही म्हणाली, मला कळलं नाही.