तोफेच्या दाराची कडी

उभ्या जन्मात कानस हातात न धरलेल्या माणसानं मला शहाणपण शिकवलं की माझं डोकं फिरतं. संग्रहालयातल्या बाईंनी तर दोनदा बजावलं, "ड्रॉइंगमध्ये आहे तसंच करा. स्वतःची अक्कल घालू नका." जुन्या तोफेच्या मागच्या, गोळा भरायच्या दाराची कडी हरवली होती, तिची हुबेहूब नक्कल करायची होती.

मी गप्प बसून काम घेतलं, कारण बाबा सैन्यात याच बनावटीच्या तोफेवर होते. एकदा गोळा डागताना दार उघडलं आणि शेजारी उभी तुकडीतली तिघं पोरं जागच्या जागी गेली. मूठ फिरवून दार लावायचं काम बाबांचं. चौकशीत त्यांनाच दोषी ठरवून घरी पाठवलं. "मूठ शेवटपर्यंत फिरली होती रे," हे एकच पालुपद ऐकून आमचे कान किटले होते. माणूस चुकतो, पण कबूल करायला छाती लागते, असं माझं मत. हळूहळू त्यांनी तो विषय काढणंच सोडलं.

कडी केसभरही इकडेतिकडे न करता बनवली आणि तोफेला बसवली. मूठ फिरवली. ती कडीतल्या खाचेच्या टोकाला, 'बंद' या खुणेवर जाऊन थांबली. बाई खूश झाल्या. मी सवयीनं दार ओढून पाहिलं, तर ते सहज उघडलं.

बॅटरी लावून पाहिलं, तर कडीची जीभ भोकात जेमतेम नखभर शिरत होती. मापं तीनदा तपासली. माझं काही चुकलं नव्हतं. खाच ड्रॉइंगमध्येच आखूड होती, त्यामुळे मूठ आधीच अडत होती.

कोठारात दुसऱ्या तोफेची एक मूळ कडी पडली होती. तिच्या खाचेच्या टोकाला कानशीचे ओरखडे होते. फिटरनं खाच हातानं वाढवून काम भागवलं होतं आणि कागद तसाच ठेवला होता. मला नवल वाटलं नाही, मीही शेकडो वेळा हेच केलंय. बाईंनी कपाटातून जुनी नोंद काढली. बाबांच्या तुकडीच्या तोफा एका नव्या कारखान्यात, थेट ड्रॉइंगवरून बनल्या होत्या. तिथं कुणी कानस मारली नव्हती.

घरी आलो तेव्हा बाबा खिडकीशी बसून नखं कापत होते. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "बाबा, मूठ शेवटपर्यंतच फिरली होती. मी चुकलो."

त्यांनी नेलकटर खिडकीत ठेवलं. मग म्हणाले, "मी त्या तिन्ही पोरांच्या घरी जाऊन आलो होतो. माझ्या हातून चूक झाली म्हणून सांगून आलो."

मी हबकलोच. "पण तुम्ही तर..."

"घरातलंच कुणी मानेना. मग मलाही वाटायला लागलं, आपल्यालाच भास झाला असेल."

मी जमिनीवर पडलेली नखं गोळा करू लागलो.

"त्यातल्या एकाची आई अजून आहे," बाबा म्हणाले. "तिला मला माफ करायला अकरा वर्षं लागली. आता तिला काय जाऊन सांगू?"