मधुमालतीचं मंगलाष्टक

"मावशी, हे बघ. इथं आवाजच काढून टाकलाय."

धवलनं मोबाईल नीलाताईंच्या पुढ्यात धरला. पडद्यावर त्याच्या आईवडिलांचं लग्न चाललं होतं. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून त्यानं ते उतरवून घेतलं होतं आणि नातेवाइकांना बघता यावं म्हणून यूट्यूबवर टाकलं होतं. अंतरपाटाशेजारी तरुणपणीच्या नीलाताई माइकसमोर उभ्या होत्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. मांडवातली माणसं मुक्यानंच अक्षता टाकत होती.

"कुणी काढला?"

"निपाणीत सौम्या म्हणून एक मुलगी आहे. लग्नात मंगलाष्टकं म्हणते, रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकते. हे मंगलाष्टक तिच्या मालकीचं आहे असा दावा तिनं यूट्यूबकडं केलाय. म्हणून आपला आवाज बंद."

त्यानं तिचं रेकॉर्डिंग लावलं. गळा गोड होता. दुसऱ्याच कडव्यात ती ओळ आली :

'दारी ती मधुमालती बहरली, हासे तुझ्यासारखी'

नीलाताई हातातली पालेभाजी निवडायची थांबल्या. ती मधुमालती बेळगावच्या टिळकवाडीतल्या याच घराच्या फाटकावर होती. धाकट्या बहिणीनं, निवेदितानं, कॉलेजात असताना लावलेली. निवेदिताचं लग्न ठरलं तेव्हा नीलाताईंनी आयुष्यातलं पहिलं मंगलाष्टक लिहिलं आणि स्वतःच म्हटलं. पुढं टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी ओळखीपाळखीच्या कितीतरी लग्नांना मंगलाष्टकं लिहून दिली. नारळ आणि खण याखेरीज काही घेतलं नाही. स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचं फार वाटून घेतलं नाही. पण धवल बालवाडीत असताना निवेदिता तापाचं निमित्त होऊन गेली, त्यानंतर पहिल्या मंगलाष्टकाचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

रेकॉर्डिंगखाली लिहिलं होतं, 'रचना : आमची आज्जी. सर्व हक्क राखीव.'

धवल वकील होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. "लिहिलंस तेव्हाच ते तुझं झालं मावशी. नोंदणी लागत नाही. आणि कॅसेट आहेच पुराव्याला. मी उद्या नोटीस काढतो."

"अरे, लग्नात सगळेच एकमेकांची मंगलाष्टकं म्हणतात."

"लग्नात खुशाल म्हणू देत. कायद्यानंच तेवढी मोकळीक ठेवलीय, विचारायचीसुद्धा गरज नाही. पण आपल्या नावावर चढवायचं आणि वर आपल्यालाच गप्प करायचं?" तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईचं म्हणून माझ्याकडं एवढंच आहे गं. तेही दुसऱ्याचं म्हणायचं?"

नीलाताईंनी भाजी बाजूला सारली. त्या म्हणाल्या, "नोटीस पाठव. पण आधी तिला भेटून येऊ."

रविवारी दोघं निपाणीला गेली. सौम्याचं घर गल्लीच्या टोकाला होतं. बाहेरच्या खोलीत साउंड सिस्टिमचे खोके रचून ठेवलेले. विशीतली, चुणचुणीत पोरगी. वकील आलाय म्हटल्यावर ती जरा बावरली, पण बोलायला मागं हटली नाही.

"आज्जीचंच हाय ते. मी पाळण्यात असल्यापास्नं ऐकतोय. आसपासच्या गावांत तिच्याबगार अक्षता पडायच्या न्हाईत. उद्या कोण बी उचलून आपलं म्हणंल, म्हणून मी नाव लावून ठेवलं."

"त्यातली मधुमालती म्हणजे काय?" धवलनं विचारलं.

सौम्या गोंधळली. "देवीचं नाव असंल की. आज्जी तसंच म्हणायची."

धवलनं बॅगेतून कागद काढायला घेतले. नीलाताईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत होत्या.

"ही मालुबाई," त्या म्हणाल्या.

"वळकता तुमी आज्जीला?"

त्या ओळखत होत्या. निवेदिता गेली त्याच वर्षी त्यांची बदली निपाणीला झाली होती. ऑफिसात पाणी भरायला मालुबाई यायची. एक दिवस ती टेबलापाशी येऊन म्हणाली होती, "आक्का, पोरीचं लगीन हाय. तुमी चार वळी लिवून द्या की." नवीन लिहायला हातच चालेना, आणि नाही म्हणायलाही जीभ वळेना. तेव्हा नीलाताईंनी निवेदिताचं मंगलाष्टक उतरवून तिच्या हातात ठेवलं होतं. पुन्हा त्याची आठवण काढली नव्हती.

हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. सौम्या ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजे, आज्जीचं न्हाईच ते?"

बॅगेतला धवलचा हात तसाच राहिला.

"आजी म्हणायची तसं सगळं म्हणून दाखव," नीलाताई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगात घेतलं नसशील तेही."

सौम्यानं घसा साफ केला. स्वतःच्या आईच्या लग्नात आजीनं म्हटलेलं मंगलाष्टक ती खुर्चीच्या पाठीला धरून म्हणू लागली. मधुमालती आली, गेली. शेवटचं कडवं झालं असं नीलाताईंना वाटलं, पण ती थांबली नाही :

'आईचं घर सोडताच कळतं, पाणी किती गोड ते'



"हे माझं नाही," नीलाताई म्हणाल्या.

"मग?"

"तुझ्या आजीचं. मला नसतं सुचलं. मी सगळी फुलंच लिहिली होती."

सौम्यानं ओढणीनं डोळे पुसले. धवलनं बॅगेची चेन लावली. मग त्यानंच शेजारी बसून दावा कसा मागं घ्यायचा ते तिला दाखवलं, लग्नात कुणीही म्हटलं तरी चालतं हेही सांगितलं. नावं बदलताना ती म्हणाली, "आक्का, तुमचं नाव वर घालतो, आज्जीचं खाली. चालंल न्हवं?"

"चालेल. आणि त्याखाली लिही, 'निवेदितासाठी'."

धवल खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. संध्याकाळी दोघं बेळगावला परतली.

आठवड्याभरात लग्नाच्या व्हिडिओचा आवाज परत आला. धवलच्या बहिणीनं, अदितीनं, परदेशातून फोन करून मावशीला तिचाच जुना आवाज ऐकवला.

पुढच्या महिन्यात शेजारच्या घरी लग्न निघालं आणि नीलाताईंना बोलावणं आलं. त्यांनी निपाणीला फोन लावला.

"सौम्या, आजीचं कडवं मी म्हटलं तर चालेल?"

"विचारताय काय वो आक्का? त्या दिवशी धवलदादा म्हणाले की, लग्नात कुणीबी म्हणावं म्हणून."

"हो. तरी विचारते."

 मग सौम्या म्हणाली, "म्हणा की. पण 'पाणी'वर आज्जी जरा थांबायची. ह्ये बगा, आसं."

ती फोनवरच म्हणू लागली. नीलाताईंनी गॅस बारीक केला आणि फोन कानाशी घट्ट धरून तिच्यामागून हलक्या आवाजात एकेक शब्द म्हणू लागल्या.