पन्नाशीपुढची एक तरी

शमिकाचं डोकं फिरलं होतं. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका हा तिच्या प्रबंधाचा विषय, आणि भेटलेल्या साऱ्याजणी पंचविशीतल्या, एकाच कॅफेत बसणाऱ्या, एकमेकींच्या मैत्रिणी! एकीने दुसरीचं नाव सुचवायचं, दुसरीने फिरून पहिलीचंच. सरांनी बजावलं होतं, "पन्नाशीपुढची एक तरी आण, नाहीतर त्या वयाचं प्रकरण काढून टाकू." काढून टाकू म्हणे! म्हणजे इंदुरात अशी बाई कधी म्हातारीच झाली नाही की काय?

शेवटी तिने चिठ्ठ्या टाकून घरं निवडली आणि दारोदार फिरायला लागली. पण इथला पाहुणचार आडवा आला ना! पाहुण्याला एकटं सोडतंय कोण? आधी पोहे येणार, पोह्यांमागून अख्खं घर येऊन बसणार.

आज साठीतल्या कुमुदिनीकाकूंकडेही तेच. प्रश्न कुणाच्या कानावर जाऊ नयेत म्हणून शमिकाने मोबाइलच काकूंच्या हातात दिला. मनात वाचायचं आणि बोट टेकवायचं. तेवढ्यात त्यांचे यजमान बाळकृष्णजी चष्मा सावरत पुढे सरकले.

"इकडे आण. हिला बारीक अक्षर दिसत नाही. टेन्शन मत लो, मी वाचतो ना!"

"काका, प्लीज, हे त्यांनी एकट्यांनीच..."

"अरे, इतक्या वर्षांत हिचं माझ्यापासून काय लपलंय?" आणि खणखणीत आवाजात वाचलंसुद्धा, "तुमचं कधी एखाद्या बाईवर प्रेम होतं का? हात्तिच्या! हे घे, नाही. बेटा, शेव घे ना, थोडी और."

शमिकाला ब्रह्मांड आठवलं. काकू खाली मान घालून पोह्यांवर लिंबू पिळत होत्या.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. मागे वळून दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तो प्रश्न परत विचार गं."

शमिकाने विचारला.

"हो," काकू म्हणाल्या. "देपालपूरची इंदिरा. लग्नाआधीपासून. आजही आहे." बोलताना त्यांचा चेहरा उजळून निघाला.

"काकू, लिहू का? नाव कुठेच येणार नाही, शप्पथ!"

"मुळीच नको. तुझं ते पुस्तक छापून आलं की सगळ्यात आधी आमचे हेच वाचतील. आणि मोठ्याने."

फाटक लागलं. शमिका गल्लीच्या तोंडाशी पोचली तोच सरांचा फोन.

"काय, मिळाली का एखादी?"

तिने वळून त्या बंद फाटकाकडे पाहिलं.

"नाही सर," ती म्हणाली. "काढून टाका."